वर चढणारा पाऊस

जुलैत पनवेलहून पुण्याकडे निघालं, की कळंबोलीपासूनच गाडीच्या टपावर ताशा सुरू होतो. पळस्पे जातं, शेडुंग जातं. वायपर जिवाच्या आकांताने हलत असतो, तरी पुढच्या ट्रकचे लाल दिवे पाण्यात कालवल्यासारखे दिसतात. मग भाताणचा बोगदा येतो आणि ताशा एका क्षणात बंद होतो. पाऊस थांबलेला नसतो, तो डोंगरावर पडत असतो. आपण डोंगराखाली असतो एवढंच.

हा बोगदा साधारण किलोमीटरभर लांब आहे. ताशी ८० किलोमीटरने तो पार करायला ४५ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात काचेवर नवा थेंब पडत नाही, पण समोरून आदळणारा वारा तसाच राहतो. प्रयोगशाळेत असली सोय करायला चांगला खर्च आला असता. इथे ती टोलच्या पैशात मिळते.

गेल्या पावसाळ्यात मी या सोयीचा फायदा घेतला. पनवेलच्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानातून काचेला लावायचं पाणी झटकणारं औषध आणलं आणि समोरच्या काचेच्या फक्त डाव्या अर्ध्या भागाला लावलं. म्हणजे बायको बसते त्या बाजूला. "प्रयोग माझ्याच डोळ्यांवर का?" असा तिचा रास्त प्रश्न होता. गाडी मी चालवतो आणि औषध बिघडलं तर निदान मला दिसायला हवं, हे उत्तर तिला फारसं पटलं नाही.

बोगद्यात शिरल्यावर वायपर बंद केला. माझ्या बाजूला पाणी होतं तिथेच राहिलं. ओघळ, चकत्या, बेटं, नकाशावर असतात तसले वेडेवाकडे किनारे. तिच्या बाजूला सगळे मणी झाले होते, आणि ते मणी वर चालले होते. एक टपोरा थेंब निघाला, वाटेत दोन लहान थेंब पोटात घेऊन आणखी टपोरा झाला, टपोरा झाल्यावर अधिकच जोरात सुटला आणि टपाच्या कडेवरून दिसेनासा झाला. त्याच्यामागे स्वच्छ रेघ उरली. मग दुसरा, मग दहा. अर्धा बोगदा संपायच्या आत तिची काच जवळजवळ कोरडी होती. "अहो, हा पाऊस वर का चढतोय?" ती म्हणाली.

हा लेख म्हणजे तिला तेव्हा नीट देता न आलेलं उत्तर आहे.

थेंबाला वर ढकलतो तो वारा, हे उघड आहे. तीन मिलिमीटर व्यासाच्या थेंबाचं वजन भरतं जेमतेम १४ मिलिग्रॅम, आणि ताशी ८० ला त्याच्यावर सेकंदाला २२ मीटरने वारा आपटत असतो. काच तिरपी असल्यामुळे त्या १४ मिलिग्रॅमचाही काही भागच थेंबाला खाली ओढतो. तेव्हा खरा प्रश्न उलटा आहे. एवढा वारा असताना माझ्या बाजूचे थेंब जागचे हलले का नाहीत? त्यांना कोणी धरून ठेवलं होतं?

काचेनेच. काच मुळात वाळूची, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची वीण. पृष्ठभागावर ही वीण तुटते, तिथे सिलिकॉनचे हात मोकळे राहतात आणि हवेतल्या ओलाव्यातून ते ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी पकडतात. पाण्याचा रेणूही त्याच कुळातला. त्यामुळे काचेवर पडलेलं पाणी परक्या घरी आल्यासारखं वागत नाही, ते हातपाय पसरून बसतं. अगदी निर्मळ काचेवर तर त्याचा थेंब होतच नाही, सपाट पातळ पडदा होतो.

पण महामार्गावरची काच निर्मळ कुठली? तिच्यावर डिझेलचा धूर असतो, पुढच्या टेम्पोने उडवलेलं तेलकट चिखलपाणी असतं, सर्व्हिसिंगवाल्याने पॉलिश केलेलं मेण असतं. मग काही ठिकाणी पाणी पसरतं, काही ठिकाणी आखडतं. ना धड पडदा, ना धड मणी. असा प्रत्येक अर्धवट फुगवटा म्हणजे एक भिंग असतं आणि त्यात पुढचा रस्ता उलटा दिसतो. रात्री समोरून अप्पर मारत आलेला एक ट्रक काचेवर शंभर ट्रक होतो. नितळ विहिरीचा तळ पुरुषभर पाण्यातून दिसतो, आणि काचेवरच्या मिलिमीटरभर पाण्यातून पन्नास फुटांवरचा डंपर दिसत नाही. डोळ्याला पाण्याच्या प्रमाणाशी फारसं देणंघेणं नसतं, आकाराशी असतं. ही एवढी गोष्ट लक्षात आली की पुढचं सगळं सोपं होतं.

पाण्याचा आकार मोजायची रीत थॉमस यंग या इंग्रज डॉक्टरच्या १८०५ सालच्या निबंधातून आली. थेंबाची कड पृष्ठभागाला टेकते तिथे पाण्याच्या आतून किती अंशांचा कोन होतो तो पाहायचा. त्याला म्हणतात स्पर्शकोन. निर्मळ काचेवर तो शून्याच्या जवळ असतो. मेणकट पृष्ठभागावर शंभरच्या पुढे जातो. आणि अळवाच्या पानावर दीडशेच्याही वर.

अळवाचं नाव घेतल्यावर पुढे पळता येत नाही. जगातल्या किती भाषांनी स्पर्शकोनाला वाक्प्रचारात बसवलंय मला माहीत नाही, पण मराठीने बसवलाय. आपण मात्र 'अळवावरचं पाणी' म्हणताना त्यातलं फक्त दुःख घेतलं. पैसा टिकत नाही, मैत्री टिकत नाही, आयुष्य टिकत नाही. पानाचं कौतुक राहूनच गेलं. या पानावर डोळ्याला न दिसणारे बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाचे आणखी बारीक कण. थेंब उंचवट्यांच्या टोकांवर उभा राहतो, खाली हवा. फकीर खिळ्यांच्या पाटावर निजतो तसा. पान जरा कलतं केलं की थेंब घरंगळतो आणि जाताना धूळही घेऊन जातो. जर्मनीत बॉन विद्यापीठातल्या विल्हेल्म बार्टलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ साली कमळाच्या पानाबद्दल हे सविस्तर मांडलं आणि त्याला 'कमळ-परिणाम' असं नाव पडलं. कमळाला मान मिळाला हे ठीकच. पण परसातल्या सांडपाण्यावर वाढणाऱ्या अळवावर थोडा अन्याय झाला असं मला वाटतं.

मग काचेवर सरळ अळूच का उगवू नये? कारण ते उंचवटे. ते प्रकाश विखुरतात, काच दुधी होते. शिवाय वायपर ते दोन दिवसांत खरवडून काढेल. पान मेण झिजलं तर नवं तयार करतं, काचेला ते जमत नाही. उंचवटे सोडले तर गुळगुळीत पृष्ठभागावर फक्त रसायनाच्या जोरावर स्पर्शकोन फार तर १२० अंशांपर्यंत जातो. बाजारातली औषधं खेळतात ती या मर्यादेच्या आत.

त्यांची गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत. १९४० मध्ये यूजीन रोचोने तिथे सिलिकॉनला मिथाइल गट चिकटवलेली द्रव्यं सहज बनवायची युक्ती शोधली. त्यांची वाफ लागलेला कागद किंवा काच नंतर भिजतच नाही, हे त्याच्या सहकाऱ्याने, विन्टन पॅटनोडने हेरलं. १९४२ च्या डिसेंबरात त्याला पेटंट मिळालं. महायुद्ध चालू होतं. दमट हवेत रेडिओच्या चिनी मातीच्या भागांवर पाण्याचा पडदा धरायचा आणि वीज गळायची. त्यावर हा उपाय कामी आला. कोकणात राहणाऱ्या माणसाला त्या रेडिओंचं दुःख वेगळं सांगायला नको.

मोटारीच्या काचेपर्यंत यायला आणखी तीस वर्षं गेली. हॉवर्ड ओल्हाउसेन या अमेरिकन माणसाला १९७१ मध्ये पेटंट मिळालं आणि पुढच्या वर्षी त्याच्या कंपनीने 'रेन-एक्स' बाजारात आणलं. बाटलीत असतं काय? बहुतांशी अल्कोहोल, त्यात थोडं सिलिकॉनचं तेल आणि चिमूटभर आम्ल. आम्लाच्या मदतीने तेलाचे रेणू काचेवरच्या त्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांशी गाठ मारतात, अल्कोहोल उडून जातं. आता प्रत्येक रेणूचा एक हात काचेत आणि पाठ बाहेर, पावसाकडे. पाठीवर मिथाइल गट, त्यांचं पाण्याशी पटत नाही. हा थर असतो काही नॅनोमीटरचा, केसापेक्षा हजारो पटींनी पातळ. गंमत अशी, की काचही सिलिकॉनची आणि औषधही सिलिकॉनचं. पाण्याला जवळ घेणारं तेच आणि झिडकारणारंही तेच, फरक फक्त बाहेर कोणाला बसवलंय याचा.

याचा डोळ्यांना खरंच उपयोग होतो का? मिशिगन विद्यापीठात १९९७ मध्ये याची चाचणी झाली. रात्री, नळाच्या पावसात, औषध लावलेल्या काचेमागच्या चालकांची नजर सुमारे एक तृतीयांशाने सुधारली आणि रस्त्यावरची लहान वस्तू त्यांना सेकंदभर आधी दिसली. ताशी ९० ला सेकंद म्हणजे २५ मीटर.

आता दुसरी बाजू. जुन्या ट्रक-ड्रायव्हरांना यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी त्यांच्याकडे उपाय होता. वायपर बंद पडला की तंबाखूची चिमूट ओली करून काचेवर चोळायची. कोणी अर्धा बटाटा चोळायचं. माझ्या लहानपणी खोपोलीला एका काकांनी असं केलेलं मी पाहिलंय आणि बराच काळ मला वाटे, की ही त्या औषधाचीच गावठी आवृत्ती. साफ चूक. तंबाखू-बटाटा पाण्याला झटकत नाही, उलट पाघळवतो. काचेवरचा तेलकटपणा बाजूला होतो, पाण्याशी जमणारा लेप बसतो, थेंब मोडून सपाट पडदा होतो. पडद्याचं भिंग होत नाही, म्हणून रस्ता दिसतो. एक वाट पूर्ण मणी करण्याची, दुसरी पूर्ण पडदा करण्याची. दोन्ही चालतात, अधलंमधलं तेवढं चालत नाही.

जपानमध्ये आकिरा फुजिशिमा यांच्या गटाने ही दुसरी वाट टायटॅनियम डायऑक्साइडच्या लेपाने गाठली. ऊन लागलं की त्यावर पाण्याचा थेंब उभाच राहत नाही. मोटारीच्या बाजूच्या आरशांवर असे लेप आले. तो शोधनिबंधही १९९७ चाच. त्या एका वर्षात थेंबाच्या नशिबात काय होतं कोण जाणे.

मण्यांच्या वाटेचा एक दोष मला पनवेलमध्येच कळला. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग निम्मा केला तर थेंबावरचा जोर पावपट होतो. ताशी साठच्या आसपास औषध रंगात येतं. उरण नाक्याच्या गर्दीत वीसने सरकताना मणी जागच्या जागी बसून राहतात. त्यात पाऊस धो-धो असेल तर निदान थेंब मोठे होऊन आपसूक घसरतात. भुरभुर असेल तर काचेवर हजार बारीक मोती जमतात आणि समोरच्या रिक्षाचा एकच दिवा प्रत्येकात चमकतो. दिसायला सुरेख, चालवायला वैताग. तिथे वायपरला पर्याय नाही. औषध वायपरच्या जोडीला असतं, जागी नव्हे. आतून काचेला वाफ धरते तिच्याशीही याचा संबंध नाही. त्यासाठी एसीच लावावा लागतो.

लावण्याची कृती बाटलीवर असते, ती सांगत बसत नाही. मी पहिल्या वेळी घाई केली आणि काच नुसती पाण्याने धुतली. मेण राहिलं होतं. औषधाला पकडायला काचच मिळाली नाही, आणि वायपर दर फेरीला थडथड उड्या मारत, किर्र करत फिरला. औषध लावलेल्या काचेवर पाण्याचा निसरडा पडदा राहत नाही, रबर कोरडं घासतं, म्हणून ब्लेड जरा जरी कडक झालेलं असलं तरी बोलतं. दुसऱ्या वेळी काच पॉलिशने उघडी करून, अल्कोहोलने पुसून मग लावलं, ब्लेडही बदललं. तेव्हा जमलं. याहून टिकाऊ औषधं फ्लोरिनची असतात. ती अधिक दिवस राहतात, पण निसर्गातही न कुजता राहतात म्हणून जगभर त्यांच्या कुळाकडे संशयाने पाहिलं जातंय. मी सिलिकॉनवरच थांबलो.

विमानांचंही असंच होतं. एके काळी जेट विमानांचे वैमानिक मुसळधार पावसात उतरताना बटण दाबून काचेवर असं द्रव्य फवारत. त्यात ओझोनला मारक सीएफसी असे, म्हणून ते गेलं आणि काचेवर आधीच लेप देण्याची पद्धत आली. आता आपल्या पनवेल तालुक्यात उलव्याला विमानतळ झालाय. जुलैत धुवांधार पावसात तिथे उतरणारं विमान पाहिलं, की मला त्याच्या पंखांआधी काच आठवते.

सप्टेंबरात गौरी-गणपती झाले तोवर माझ्या डाव्या अर्ध्या काचेचं औषध संपत आलं होतं. पण सगळीकडून सारखं नाही. एकदा सकाळी अंगणात उभ्या गाडीवर सर येऊन गेली, तेव्हा पाहिलं. वायपर फिरतो त्या कमानीत पाणी पुन्हा हातपाय पसरून बसलं होतं. कमानीच्या बाहेर, वरच्या कोपऱ्यात, जिथे रबर कधी पोहोचलंच नव्हतं, तिथे मणी अजून गोल होते. आत स्वयंपाकघरात बायको वड्यांसाठी अळू धूत होती. नळाखालचं पान कोरडंच बाहेर येत होतं. तिने ते पालथं घालून मागच्या बाजूला बेसन लावायला घेतलं.