छपाईयंत्राचा हरवलेला पत्ता

१ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यांत पांच तालुके आहेत. औंढा नागनाथ म्हणा, सेनगांव म्हणा, तेथील एखाद्या सेवा केंद्रांत शेतकरी सातबाऱ्यासाठीं आणि विद्यार्थी उत्पन्नाच्या दाखल्यासाठीं उभे आहेत. अर्जाचा शेवटचा दिवस आहे. दुपारीं वीज जाते, परत येते, आणि प्रिंटर मौन धरतो. दिवा लागलेला, कागद भरलेला. संगणक मात्र 'ऑफलाईन' एवढेंच सांगतो. केंद्रचालक कारागिरास बोलावतो व लोक रिकाम्या हातानें परततात. वस्तुतः अशा वेळीं यंत्र बहुधा बिघडलेलें नसतें. त्याचा पत्ता बदललेला असतो.

लहान कचेरींत दोन-तीन संगणक एकाच प्रिंटरवर छपाई करतात. त्यांना जोडणारा राऊटर प्रत्येक यंत्रास १९२.१६८.१.२० यासारखा आंकडी पत्ता देतो. या वांटपाच्या पद्धतीस डीएचसीपी म्हणतात; तिचे आज रूढ असलेले नियम १९९७ सालीं प्रसिद्ध झाले. हा पत्ता कायमचा नसून मुदतीचा असतो. वीज जातांच अनेक लहान राऊटर आपली वांटपाची नोंद विसरतात आणि नंतर प्रिंटरास निराळा पत्ता मिळूं शकतो. संगणक मात्र जुन्याच घराचें दार ठोठावीत बसतो.

म्हणून तपासणी क्रमानें करावी. प्रथम सर्व संगणकांवरून छापून पाहावें. एकाच संगणकाची छपाई अडली, तर दोष त्या संगणकांत शोधावा. सर्वांचीच अडली, तर प्रिंटर किंवा राऊटर पाहावा. मग प्रिंटरच्याच बटनांवरून नेटवर्कची माहिती देणारें पान काढावें. तें स्वच्छ निघालें म्हणजे शाई, कागद व यंत्र ठीक आहेत, आणि चालू पत्ताही हातीं येतो. तो १६९.२५४ नें सुरू होत असल्यास राऊटरकडून पत्ता मिळालेलाच नाहीं असें समजावें. केबल किंवा वायफाय तपासून आधीं राऊटर सुरू करावा, तो स्थिरावल्यावर प्रिंटर. पत्ता योग्य दिसल्यास संगणकांतील प्रिंटरच्या 'पोर्ट' या नोंदीशीं तो ताडून पाहावा व फरक असल्यास नोंद सुधारावी.

यानंतरही छपाई न झाल्यास रांगेंत अडकलेलें पहिलें काम रद्द करावें. तें मागील सर्व कामांना अडवून धरतें. पुनःपुन्हा प्रिंटची आज्ञा देऊं नये. वाट मोकळी होतांच एकाच दाखल्याच्या दहा प्रती बाहेर पडतात.

कायमचा उपायही सोपा आहे. प्रत्येक प्रिंटरास कारखान्यांतच मिळालेला मॅक क्रमांक असतो. राऊटरमध्यें त्या क्रमांकासाठीं एक पत्ता राखून ठेवावा आणि तो कागदावर लिहून प्रिंटरास चिकटवावा. एवढी दक्षता घेतली, तर वीज गेली-आली तरी प्रिंटरचा पत्ता तोच राहतो, आणि रांगेंतील विद्यार्थ्यास वेळेवर दाखला मिळतो.