मित्र न्यू जर्सीत, फ्लॅट पुण्यात : दुसऱ्यासाठी घर बघायला जाताना नेमकं काय बघायचं?

मेसेज साधारण असाच येतो. "अरे, बाणेरला एक रीसेल फ्लॅट बघितलाय ऑनलाइन. फोटो एकदम भारी आहेत. शनिवारी जाऊन बघून येशील का? अर्ध्या तासाचं काम आहे."

अर्ध्या तासाचं काम हे नसतं. समोरचा माणूस आयुष्यातला सगळ्यात मोठा खर्च करायला निघालेला असतो आणि त्या घरात त्याच्या वतीने जाणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे तुम्ही. एजंट विकणाऱ्याचा असतो, फोटो विकणाऱ्याचे असतात, माहितीही त्यानेच दिलेली असते. तुमचे डोळे, कान आणि नाक एवढंच काय ते खरेदी करणाऱ्याच्या बाजूचं.

न्यू जर्सीत राहणाऱ्या माणसाला हे चटकन लक्षात येत नाही, त्याचं कारणही आहे. तिथे घर घेण्याआधी लायसन्स असलेला होम इन्स्पेक्टर येतो, छपरापासून तळघरापर्यंत सगळं तपासतो आणि लेखी रिपोर्ट देतो. पुण्यात रीसेल फ्लॅट घेताना अशी पद्धत रुळलेलीच नाही. वकील कागद बघतो, बँक कर्जापुरती किंमत काढते. बाथरूमची भिंत ओली आहे का, हे बघणं कुणाचंच काम नसतं. तेव्हा ते काम आपोआप मित्राच्या गळ्यात पडतं.

निघण्याआधी मोबाईलवर

सगळ्यात आधी एजंटकडून किंवा मालकाकडून इंडेक्स टू मागून घ्या. कोणी, कोणाला, किती चौरस मीटरचा फ्लॅट, किती रुपयांना विकला याचा हा नोंदणी खात्यातला सारांश. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर मोफत सर्चची सोयही आहे. तिथे गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर टाकून त्याच इमारतीतले आधीचे व्यवहार शोधता येतात. मजल्यावरचा दुसरा फ्लॅट अलीकडे कितीला गेला हे कळलं, की "इथे याच्या खाली रेटच नाही" या वाक्याचं वजन लगेच कमी होतं.

इमारत नवीन असेल तर महारेराची साइट बघा. १ मे २०१७ रोजी ज्या बांधकामांना पूर्णत्वाचा दाखला मिळालेला नव्हता, त्यांना नोंदणी बंधनकारक झाली. त्यामुळे तेव्हापासूनच्या बहुतेक मोठ्या प्रकल्पांचे मंजूर नकाशे आणि कोर्टकज्जांची माहिती तिथे सापडते. त्याहून जुनी इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र आहे का, हा प्रश्न थेट विचारायचा. "सगळे राहतातच की" हे त्याचं उत्तर नव्हे.

तिसरी गोष्ट पूररेषा. लोक ही बघतच नाहीत, आणि नदीकाठच्या शहरात हीच सगळ्यात महाग पडते. जलसंपदा विभाग नदीच्या दोन रेषा आखतो. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र. या रेषा विकास आराखड्याच्या नकाशावर दिसतात.

या रेषा फक्त कागदावरच्या नाहीत. पिंपरी-चिंचवडमध्ये चिखली इथे इंद्रायणीच्या निळ्या रेषेत उभ्या राहिलेल्या ३६ बंगल्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने १ जुलै २०२४ रोजी आदेश दिला. सुप्रीम कोर्टातही बंगलेमालकांना दिलासा मिळाला नाही आणि १७ मे २०२५ रोजी महापालिकेने ते बंगले पाडले. पैसे देऊन प्लॉट घेतलेल्या, घर बांधून राहायला गेलेल्या लोकांचे ते बंगले होते. कायदेशीर इमारतीतही पाणी शिरतंच. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रोडवरच्या एकता नगरीत लोक जागे झाले तेव्हा मुठेचं पाणी पार्किंगमध्ये होतं. तो फ्लॅट आज विकायला निघाला, तर जाहिरातीत "रिव्हर व्ह्यू" एवढंच लिहिलेलं असेल.

घरात शिरल्यावर

पहिलं काम, फोटो काढताना फोनची ०.५ एक्सवाली वाइड लेन्स वापरू नका. जाहिरातीतले फोटो बहुतेक वेळा त्याच लेन्सने काढलेले असतात. तिच्यात दहा फुटांची बेडरूम हॉलसारखी दिसते आणि कोपऱ्यातलं कपाट ताणल्यासारखं वाटतं. साधा १ एक्स कॅमेरा आणि चौकटीत एखादा माणूस उभा, म्हणजे तिकडे बसलेल्याला खोलीचा खरा अंदाज येतो. व्हिडिओ काढायचा तर मुख्य दरवाजापासून न तोडता, सावकाश चालत. तुकडे जोडलेल्या व्हिडिओतून कोणती खोली कुठे आहे हे कळत नाही.

टेप सोबत न्या. एजंटला थोडं विचित्र वाटेल, वाटू द्या. रेराने कार्पेट एरियाची व्याख्या पक्की केली आहे. त्यात घराच्या आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि टेरेस धरत नाहीत. जुन्या फ्लॅटच्या करारात मात्र बिल्टअप किंवा सुपर बिल्टअप असे आकडे सापडतात, आणि सुपर बिल्टअपला कायद्यात व्याख्याच नाही. म्हणून प्रत्येक खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजायची, बेरीज करायची. इंडेक्स टूवर चौरस मीटर असतील तर १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट मिळतात. तुमची बेरीज थोडी कमी येणारच, कारण आतल्या भिंती तुम्ही मोजलेल्या नाहीत. पण फरक मोठा असेल तर तो पैशात मोजावा. फुटाला १०,००० रुपये दर धरला तर ३० फुटांचे ३ लाख होतात. बाल्कनी हॉलमध्ये घेतली असेल तर तेही लिहून ठेवा. ती जागा छान दिसते, पण कार्पेटमध्ये येत नाही.

आता ओल. पावसाळ्यात घर बघायला मिळालं तर नशीब समजा, कारण जुलैमध्ये भिंत खोटं बोलत नाही. फेब्रुवारीत मात्र पुरावे शोधावे लागतात. सगळं घर जुन्या रंगाचं आणि एकच भिंत ताजी रंगवलेली असेल, तर ती का रंगवली हे विचारायचं. बाथरूमच्या मागच्या बाजूच्या भिंतीवर, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत आणि फर्निचरच्या मागे पोपडे किंवा पांढरा लोणा दिसतो का ते बघा. हॉलला झकास फॉल्स सीलिंग आहे? वरच्या फ्लॅटचं बाथरूम नेमकं त्याच्यावर येतं का, हे बघून घ्या. बाथरूमच्या टाइल्सवर बोटांनी टकटक केली की आतून सुटलेली टाइल बद्द वाजते. बंद कपाट उघडून एकदा वास घ्यायला लाजू नका. हा वास कुठल्याच व्हिडिओतून न्यू जर्सीला पोहोचत नाही, आणि रूम फ्रेशनर मारून ठेवला असेल तर तीही एक माहितीच आहे.

शेवटच्या मजल्यावर असाल तर गच्चीवर जाऊन या. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून होणारी पावसाची गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे, घरातल्या संडास-बाथरूम-सिंकची गळती सभासदाची. प्रत्यक्षात "ही गळती कुणाची" यावरच वर्ष निघून जातं, तोवर बादली लावायची ती घरमालकाने.

नळ सगळे एकाच वेळी सोडून बघा. दारं बंद करून आवाज ऐका. प्रत्येक खोलीत जाऊन एकेक कॉल लावा, कारण घरून काम करणाऱ्याला बेडरूममध्ये रेंज नसणं म्हणजे काय हे सांगायला नको. फोनमधलं होकायंत्र उघडून बेडरूमची खिडकी पश्चिमेला आहे का तेही टिपून ठेवा. वास्तूसाठी हवं तर मित्र विचारेलच, पण एप्रिलच्या दुपारी चार वाजता त्या खोलीत झोपता येईल का, हा प्रश्न जास्त उपयोगाचा.

वॉचमन काका आणि मावशी

घराबद्दलची खरी माहिती घराबाहेर मिळते. एजंट गाडी काढायला गेला की वॉचमन काकांशी पाच मिनिटं बोला. पाणी किती वेळ येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, रोज किती येतात, लिफ्ट शेवटची कधी बंद पडली, हे ते सांगतात आणि बहुतेक वेळा खरं सांगतात. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्येच आहे की वेगळा गोळा करतात, हे मात्र सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारावं. जिन्यात भेटलेल्या मावशींना "वरचे लोक कसे आहेत?" एवढं विचारलं तरी रात्री बारानंतरच्या आवाजाचा पूर्ण इतिहास मिळू शकतो.

सेक्रेटरी भेटले तर स्ट्रक्चरल ऑडिटचं विचारा. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर तीन वर्षांनी ऑडिट अपेक्षित आहे. मोठ्या दुरुस्तीसाठी वर्गणी ठरली असेल तर ती नव्या मालकाच्या डोक्यावर येणार. मानीव अभिहस्तांतरण झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे की अजून बिल्डरच्याच, हेही तिथेच कळतं. मित्र फ्लॅट भाड्याने देणार असेल तर बिनभोगवटा शुल्क लागतं. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ट्रान्स्फर फीलाही २५,००० रुपयांची मर्यादा आहे. "डोनेशन द्यावं लागतं" असं कुणी म्हणालं तर ते वाक्य जसंच्या तसं मित्राला कळवा.

पार्किंगवर थोडं थांबावं लागेल. "पार्किंगचे तीन लाख वेगळे" असं ऐकू आलं तर सावध व्हा. बिल्डर स्टिल्ट पार्किंग स्वतंत्र विकू शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच नहालचंद लालूचंद खटल्यात स्पष्ट केलंय. तेव्हा ती जागा सोसायटीने या फ्लॅटला दिल्याचं पत्र आहे का, एवढंच विचारायचं. आणि जागेवर जाऊन बघायचं, तिथे आज कुणाची गाडी उभी आहे.

आणखी एक प्रश्न गप्पांच्या ओघात विचारून टाका : मालक सध्या कुठे असतात? विकणारा भारतात राहणारा असेल आणि किंमत ५० लाख किंवा जास्त असेल, तर घेणाऱ्याला १ टक्का टीडीएस कापावा लागतो. विकणाराही परदेशात स्थायिक असेल तर नियम वेगळे, कापायची रक्कम बरीच मोठी, आणि ती कापण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. "ते काय, दुबईला असतात मुलाकडे," हे एजंटच्या तोंडून सहज निघालेलं वाक्य मित्राच्या सीएला लगेच कळायला हवं.

मित्राला काय सांगायचं?

आधी वेळेचं गणित. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. घर उजेडात बघायला हवं, आणि पुण्यातले सकाळचे दहा म्हणजे तिकडे मध्यरात्र. मग लाइव्ह कॉलच्या हट्टापायी संध्याकाळी सात वाजता घर बघितलं जातं आणि ट्यूबलाइटमध्ये सगळीच घरं बरी दिसतात. दिवसा रेकॉर्डिंग करा आणि संध्याकाळी बोला, हे दोघांनाही सोयीचं. दुसरी फेरी रात्री नऊला मारली तर शेजारचं मंगल कार्यालय कळतं.

बोलताना "मला नाही आवडलं" आणि "दुपारी तीन वाजता किचनमध्ये लाइट लावावा लागला" यातला फरक सांभाळा. पहिल्या वाक्यात तुमची आवड आहे, दुसऱ्यात घर आहे. ज्याला तिथे राहायचंय त्याला कदाचित अंधारं किचन चालेल, कारण त्याचे आईवडील शेजारच्या गल्लीत राहतात. "घेऊन टाक" हे दोन शब्द मात्र तोंडातून जाऊ देऊ नयेत. पुढच्या पावसाळ्यात भिंत ओली झाली की तेच दोन शब्द आठवतात. उलटंही खरं आहे. मित्र फोटोंच्या प्रेमात पडलाय म्हणून ओलीचा डाग सांगायचा राहिला, तर तो डाग मैत्रीवर राहतो.

टोकन तुमच्या खात्यातून देऊ नका. एजंट घाई करेल, "आज दुसरी पार्टी येतेय" म्हणेल. अनिवासी भारतीयाला इथे घर घेता येतं (शेतजमीन आणि फार्महाऊस नाही), पण पैसे बँकेमार्फतच, त्याच्या एनआरई किंवा एनआरओसारख्या खात्यातून जायला हवेत. मध्येच मित्राचं यूपीआय आलं की हिशोबात गाठ बसते. "थोडं रोखीत जमेल का?" हा निरोप तर पोहोचवूसुद्धा नका. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

आणि मग एक दिवस विचारणा होते, "रजिस्ट्रेशनला मी येऊ शकत नाही, तुझ्या नावाने पॉवर ऑफ ॲटर्नी करू का?" शक्यतो हे काम भाऊ, बहीण किंवा आईवडिलांकडे जाऊ द्या. घ्यायचंच असेल तर ती एकाच फ्लॅटपुरती, करारावर सही आणि नोंदणी एवढ्याच कामापुरती असावी. बँक खातं चालवायचे आणि पुढे घर विकायचे अधिकार त्यात नकोत. परदेशात केलेली पॉवर तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत करावी लागते, आणि ती भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. कुरिअरची पावती म्हणूनच जपून ठेवायची. तारीख तिच्यावरून सिद्ध करता येते.