पेडगावची जुनी देवालये आणि गावाची पाळी

आपल्या श्रीगोंदे तालुक्याच्या दक्षिणेस भीमा नदी वाहते. तिच्या उत्तर तीरावर, श्रीगोंद्यापासून चारएक कोसांवर पेडगाव हे गाव वसले आहे. शेतीच्या कामानिमित्त तिकडे जाणारे बागाईतदार पुष्कळ. परंतु वाट वाकडी करून तेथील जुनी देवालये पाहणारे थोडे. त्यांच्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

देवालये भुईकोट किल्ल्याच्या आवारात आहेत. मोगल सुभेदार बहादूरखान याच्या नावावरून किल्ल्यास बहादूरगड म्हणत. हल्ली त्यास धर्मवीरगड म्हणतात. छत्रपती संभाजी महाराजांस फेब्रुवारी १६८९ मध्ये औरंगजेबापुढे येथेच आणले, हे सर्वश्रुत आहे. नदीच्या अंगास हत्तीमोटेचे अवशेष आहेत. ज्यांच्या वाडवडिलांनी बैलांच्या मोटेवर मळे पिकविले, त्यांनी हत्तीच्या बळावर पाणी चढविण्याची ही युक्ती अवश्य पाहावी.

देवालये मात्र किल्ल्याच्या मोगली अंमलाहून कित्येक शतके जुनी, यादवकालीन आहेत. त्यांत लक्ष्मीनारायणाचे देऊळ सर्वांत सुंदर. काळ्या पाषाणाचे घडीव चिरे चुन्यावाचून एकमेकांत बसविलेले असून, बाहेरील भिंतींवर मूर्ती व आतील खांबांवर नक्षी कोरलेली आहे. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावरून अशा बांधणीस आपण हेमाडपंती म्हणतो. वजनावर वजन तोलून उभी राहिलेली ही रचना पाहिली म्हणजे त्या पाथरवटांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

परंतु पाषाणाचे देऊळही आपोआप टिकत नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचे बी सांध्यात पडते. रोप बोटाएवढे असता कोणी लक्ष देत नाही, आणि मूळ जाड झाले की चिरा सरकतो. पुढे एकेक चिरा कोणाच्या बांधाला, कोणाच्या उंबऱ्याला जातो.

याच्या उलट उदाहरण जपानात आहे. तेथील इसे या क्षेत्रीचे शिंतो देवालय लाकडाचे, व त्याचे छप्पर गवताचे. इ. स. ६९० पासून दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर तेच देऊळ त्याच मापाचे नवे बांधण्याची चाल आहे. बासष्टावी पाळी २०१३ साली झाली. उतरलेले लाकूड इतर देवळांस उपयोगी पडते, आणि नैवेद्याचा तांदूळ देवाच्या स्वतःच्या खाचरांत पिकतो. पंधराव्या-सोळाव्या शतकांत यादवी युद्धांमुळे ही पाळी शंभरावर वर्षे खंडली होती. तरी ती पुन्हा सुरू झाली. लाकूड टिकले नाही, पाळी टिकली. म्हणून देऊळ टिकले.

आपल्याकडेही हीच योजना होती. प्रस्तुत लेखकाची हयात महसुली दप्तरात गेली. देवस्थान इनामाचे मर्म त्या नोंदींतून स्पष्ट दिसे: जमीन देवाची, वहिवाटदाराने तिच्या उत्पन्नातून पूजाअर्चा व दिवाबत्ती चालवावी, आणि ती विकू नये. म्हणजे देऊळ राखण्याचे काम कोणाचे, हे कागदावर निश्चित होते. जेथे वहिवाट राहिली आणि काम सुटले, तेथे देऊळ पडले.

तेव्हा ज्या गावी असे जुने देऊळ आहे, तेथील मंडळींनी बेंदराची वा वेशीच्या डागडुजीची ठरवावी तशी त्याचीही पाळी ठरवावी. पावसाळा सरताच पायाजवळ साचणारे पाणी वाटे लावावे; सांध्यांतील रोपे कोवळी असतानाच काढावीत. नक्षीवर तैलरंग व सांध्यांत सिमेंट मुळीच घालू नये. पडलेला चिरा आवारातच राहू द्यावा. देऊळ केंद्र शासनाने संरक्षित ठरविले असेल, तर पुरातत्त्व खात्यास कळविल्यावाचून हात लावू नये; अशा वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास कायद्याने मनाई आहे, हेही लगतच्या खातेदारांनी ध्यानात ठेवावे.

बांध एक वर्ष पाहिला नाही तर ओहोळ पडतो, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. देवळाचेही तसेच आहे. फरक इतकाच की, फुटलेला बांध पुढील सुगीपूर्वी घालता येतो. यादवकालीन खांब पुन्हा घडविता येत नाही.