भुलीच्या दिवशी सकाळची गोळी

भुलीवरच्या या सदरात कार्बन डायऑक्साइडचं प्रकरण आज यायचं होतं. ते एक आठवडा पुढे ढकलावं लागलं, आणि त्याचं कारण आहे कात्रजचा एक लॅब्रॅडॉर. वय चार वर्षं, आकडीचा रुग्ण, सकाळ-संध्याकाळ फिटवरची गार्डिनलची गोळी चालू. सारखं डोकं झटकून त्याच्या कानाच्या पाळीत रक्त साकळलं, कान पुरीसारखा टम्म फुगला आणि आता शस्त्रक्रिया ठरली आहे. घरच्यांना कुणीतरी सांगून ठेवलंय, की फिट येणाऱ्या कुत्र्याला एसप्रोमॅझिन हे गुंगीचं औषध दिलं की कारभार आटोपला. ते डॉक्टरांना बजावून सांगायचं का, असं त्यांनी पत्रात विचारलं आहे.

सांगायला हरकत काहीच नाही. पण या भीतीचं मूळ कुत्र्यांत नाही, माणसांत आहे. 1950 च्या डिसेंबरात फ्रान्समध्ये पॉल शार्पेंतिए यांनी क्लोरप्रोमॅझिन हे औषध तयार केलं. आंरी लाबोरी या शल्यविशारदांनी ते शस्त्रक्रियेच्या रुग्णांना देऊन पाहिलं, आणि मग ते मनोरुग्णालयांत पोहोचलं. तिथे काही रुग्णांना त्यावर फिट येऊ लागल्या. एसप्रोमॅझिन त्याच कुळातलं, म्हणून तोच ठपका त्याच्याही नावावर लागला आणि पशुवैद्यकाच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं छापला जात राहिला.

तो तपासायला 2006 साल उजाडलं. अमेरिकेतल्या कॅरेन टोबायस आणि सहकाऱ्यांनी जुने केसपेपर चाळले. पूर्वी फिट येऊन गेलेल्या 36 कुत्र्यांना शांत करण्यासाठी एसप्रोमॅझिन दिलेलं होतं, आणि पुढच्या 16 तासांत त्यांतल्या एकालाही फिट आली नव्हती. पुढच्याच वर्षी 31 कुत्र्यांची दुसरी पाहणी आली. तिथेही बहुतेकांना काही झालं नव्हतं. दोन्ही पाहण्या जुन्या कागदांवरून केलेल्या आणि लहान, तेव्हा औषधाला लगेच निर्दोष ठरवणं उतावीळपणाचं होईल. ‘दिलं की आटोपलं’ हे मात्र त्यांच्यापुढे टिकत नाही.

एसप्रोमॅझिनचा खरा दोष वेगळाच आहे. ते रक्तवाहिन्या सैल करतं, रक्तदाब उतरतो, परिणाम कित्येक तास टिकतो आणि त्यावर उतारा नाही. बॉक्सर जातीचे काही कुत्रे तर त्यावर कोसळतात. मेंदूत गाठ असेल किंवा डोक्याला मार लागला असेल, तर कवटीतला दाब आधीच वाढलेला असतो. अशा वेळी शरीराचा रक्तदाब घसरला, तर मेंदूपर्यंत रक्त पोहोचवायचं कुणी? आकडीचा कुत्रा आणि गाठीचा कुत्रा यांना ‘मेंदूचा आजार’ या एकाच खात्यात टाकल्यामुळे अर्धा गोंधळ होतो. दोघांची भूल वेगळी, दोघांचे धोकेही वेगळे.

शिवाय या लॅब्रॅडॉरच्या वाट्याला एसप्रोमॅझिन येईलच असं नाही. आपल्याकडे त्याचं भावंड ट्रायफ्लुप्रोमॅझिन, म्हणजे जुन्या डॉक्टरांचं सिक्विल, जास्त ओळखीचं. त्याहून जास्त चालते ती झायलॅझिन-केटामिनची जोडी. बिबट्याला भूल देतानाही वापरतात तीच. झायलॅझिनने हृदयाची गती मंदावते आणि पुष्कळ कुत्र्यांना उलटी होते. उलटीच्या जोराने कवटीतला दाब वाढतो, म्हणून गाठीचा संशय असेल तिथे ते नकोच. केटामिनची गंमत अशी, की ते एकटं दिलं तर कुत्र्याचे स्नायू ताठरतात, झटके येतात, कधी खरीच फिट येते. म्हणून सोबत डायझेपाम देतात. आणि हेच केटामिन, काही केल्या न थांबणारी फिट आवरायलाही आता वापरलं जातं.

पण हे सगळं डॉक्टरांच्या हातातलं. घरच्यांच्या हातात असते ती गोळी, आणि नेमकी तीच चुकते. दवाखाना घराजवळचा असो की घाटापलीकडचं शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, शस्त्रक्रियेआधी कुत्र्याला उपाशी ठेवायचं हे ठरलेलंच. मग पोटात काही जायला नको म्हणून सकाळचं गार्डिनलही राहतं. संध्याकाळी कुत्रा अजून गुंगीत, गिळेल की नाही म्हणून दुसरी गोळीही राहते. दुसऱ्या दिवशी फिट आली की नाव भुलीचं! गार्डिनल, म्हणजे फिनोबार्बिटोन, रक्तातून सावकाश उतरतं, त्यामुळे एखादी गोळी चुकून निभावतंही. लेव्हेटिरासेटामवरच्या कुत्र्याला मात्र तेवढीही सवलत नाही. ते तीन-चार तासांतच निम्म्यावर येतं. साधी गोळी दर आठ तासांनी देतात ती त्यामुळेच.

तेव्हा डॉक्टरांना विचारायचं ते हे: सकाळची गोळी घासभर खाण्यात देऊ का, आणि रात्रीची कशी द्यायची? सोबत गोळ्यांची पट्टी न्यावी आणि शेवटची फिट कधी आली ते सांगावं. गोळी किती महिने चालू आहे हेही सांगायचं. नुकतीच सुरू झालेली असेल तर कुत्रा आधीच पेंगुळलेला असतो आणि गुंगीचं औषध थोडंही पुरतं. महिनोन्‌महिने चालू असेल तर यकृताला अशी औषधं झपाट्याने निकाली काढायची सवय लागलेली असते.

त्याच पत्रात दुसरा प्रश्न होता, फिट आली तर देण्यासाठी घरी डायझेपाम ठेवण्याचा. डॉक्टर ते गुदद्वारावाटे द्यायला शिकवतात. यकृताच्या त्या सवयीमुळे गार्डिनलवरच्या कुत्र्याला त्याचाही डोस जास्त लागतो, म्हणून शेजारच्या कुत्र्याची चिठ्ठी इथे चालत नाही. पुढच्या आठवड्यात कार्बन डायऑक्साइड, आणि त्याच्या ओघात केटामिन कवटीतला दाब वाढवतं या जुन्या आरोपाची सुनावणी.