ध्यान : एकट्याचे आणि समूहाचे

'झेन' हा शब्द कानाला जपानी वाटतो. परंतु त्याचे मूळ आपल्या 'ध्यान' या शब्दातच आहे. पालीत 'झान', चीनमध्ये 'चान' आणि जपानमध्ये 'झेन' असा त्याचा प्रवास झाला. ताठ बसावे, श्वासावर लक्ष ठेवावे आणि भरकटलेले मन पुन:पुन्हा मागे आणावे, हा त्यातील गाभा मात्र कायम राहिला.

झेन परंपरेत ही साधना प्रामुख्याने समूहाने केली जाते. बैठक साधारणत: पंचवीस ते चाळीस मिनिटांची असते. पूर्वी उदबत्ती जळून संपेपर्यंतचा काळ हेच तिचे माप असे. घंटेचा नाद झाला की बैठक सुरू होते आणि पुन्हा झाला की संपते. सोटो पंथाचे साधक भिंतीकडे तोंड करून बसतात, तर रिंझाई पंथाचे समोरासमोर. डोळे अर्धोन्मीलित असतात. दोन बैठकांच्या मध्ये सर्वजण एका रांगेत संथ पावलांनी चालतात. तेही ध्यानच मानले जाते. नवख्या साधकास एक ते दहा श्वास मोजण्यास सांगतात आणि मोजणी चुकली की पुन्हा एकपासून आरंभ! रोज लाखोंच्या नोटा मोजणाऱ्या रोखपालासही हे दहा आकडे सहजासहजी पार होत नाहीत.

मग हे घरी एकट्याने का करू नये? अवश्य करावे. परंतु घरी दाराची घंटा वाजते, गुडघा दुखू लागतो आणि माणूस 'आज एवढे पुरे' म्हणून उठतो. शेजारी चार माणसे निश्चल बसलेली असताना तसे उठणे जमत नाही. समूहाचा उपयोग असा अगदी साधा आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे 1959 मध्ये आलेले जपानी धर्मगुरू शुनर्‍यू सुझुकी रोज पहाटे ध्यानास बसत. येऊ इच्छिणाऱ्यांना त्यांनी सोबत बसू दिले आणि त्या छोट्या गटातूनच पुढे 1962 मध्ये तेथील झेन केंद्र स्थापन झाले. भारतात कोडाईकनालजवळ पेरुमलमलई येथील 'बोधी झेंडो' हे केंद्र आमा सामी या जेसुइट धर्मगुरूंनी उभारले आहे.

मराठी वाचकास अधिक परिचित आहे ती विपश्यना. ती झेन नव्हे. तिची पद्धत वेगळी आहे. तथापि समूहाचे महत्त्व तेथेही तितकेच. तिचा अलीकडचा इतिहास तर एका हिशेबाच्या कार्यालयाशी जोडलेला आहे! ब्रह्मदेश 1948 मध्ये स्वतंत्र झाल्यावर सयाजी ऊ बा खिन तेथील महालेखापाल झाले. त्यांनी 1950 मध्ये आपल्या कार्यालयातच कर्मचाऱ्यांसाठी विपश्यना मंडळ स्थापन केले आणि 1952 मध्ये रंगून येथे स्वतंत्र केंद्र उभे राहिले. मंडाले येथे जन्मलेले उद्योजक सत्यनारायण गोयंका 1955 मध्ये त्यांच्याकडे शिकले, 1969 मध्ये भारतात आले आणि इगतपुरीचे 'धम्मगिरी' हे या परंपरेचे प्रमुख केंद्र बनले.

या परंपरेत दहा दिवसांचे शिबिर झाल्यावर साधकाने घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे आणि आठवड्यातून एकदा सामूहिक साधनेस यावे, अशी अपेक्षा असते. खरी कसोटी इथेच आहे. इगतपुरीत मौन सोपे जाते, कारण तेथे दुसरे काहीच नसते. घरी परतल्यावर लोकल, मुलांच्या परीक्षा आणि मार्चअखेरचे हिशेब सुरू होतात. आधी संध्याकाळचा तास सुटतो, पाठोपाठ सकाळचाही. अशा वेळी रविवारची सामूहिक बैठक हाच एक धागा उरतो. मात्र या बैठका शिबिर पूर्ण केलेल्यांसाठीच असतात, हे नव्याने जाऊ इच्छिणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

मोहालीच्या नॉलेज सिटीसारख्या वसाहतीत शिक्षणासाठी वा नोकरीसाठी दूरवरून आलेल्यांना श्वास मोजण्याची साधी बैठक आपसांतही सुरू करता येईल. त्यास स्वच्छ खोली, काही आसने, एक घड्याळ आणि ठरलेला वार एवढे पुरते. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांनी खुर्चीवर बसावे. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांचा सल्ला प्रथम घ्यावा आणि औषधे परस्पर बंद करू नयेत. बैठकीनंतर चहा ठेवायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. गप्पा मात्र घंटेनंतरच.