फायबरमधला प्रकाश चिपमध्ये शिरतो कसा?

तिरला (जि. धार) : ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्राने 2011 मध्ये मंजूर केली. आज ती ‘भारतनेट’ म्हणून ओळखली जाते. धारजवळच्या तिरल्यासारख्या गावांनाही फायबर हा शब्द आता नवा नाही. पण या तारेची खरी परीक्षा लांब अंतरात नसून अगदी शेवटच्या केसभर जागेत असते.

तिरल्याहून पाठवलेला लग्नाचा फोटो मुंबई-नवी मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरपर्यंत प्रकाशाच्या रूपात जातो. चांगल्या फायबरमध्ये निम्मा प्रकाश संपायला सुमारे 15 किलोमीटर लागतात. डेटा सेंटरमधल्या अनेक नव्या उपकरणांत मात्र हा प्रकाश सिलिकॉनच्या चिपवर घ्यावा लागतो, आणि जोड नीट नसेल तर तेवढाच निम्मा प्रकाश तिथे क्षणात वाया जातो. बाहेर पडताना उरलेल्यातला निम्मा गेला, की हातात राहतो चौथा हिस्सा. मग लेसर चौपट ताकदीचा लावा, वीज जाळा, उष्णता सोसा.

अडचण मापाची आहे. फायबरमधला प्रकाश साधारण 10 मायक्रॉन रुंद असतो. चिपवरची वाट अर्धा मायक्रॉन रुंद आणि त्याच्याही निम्म्याहून कमी उंच. बोअरच्या पाइपाचं पाणी इंजेक्शनच्या सुईत भरण्यासारखंच हे!

पाण्याला नरसाळं चालतं. इथे मात्र उलटा प्रकार करतात. चिपच्या कडेला ती वाट रुंद करायची सोडून आणखी निमुळती करतात, टोकाशी मायक्रॉनच्या दहाव्या-पाचव्या भागाइतकी. इतक्या अरुंद वाटेत प्रकाश मावत नाही, तो बाजूच्या काचेसारख्या थरात फुगतो आणि फायबरमधल्या प्रकाशाच्या मापाजवळ येतो. माप जुळलं की प्रकाश सहज आत जातो, आणि पुढे वाट हळूहळू रुंद होते तसा तिच्यात गोळा होतो.

दुसरा मार्ग वरून. चिपवर बारीक समांतर खाचा कोरतात आणि फायबर किंचित तिरपं धरतात. खाचा प्रकाशाला वाटेकडे वळवतात. चिप कापण्याआधीच तपासता येते, ही यातली सोय. पण ठरावीक रंगांपलीकडचा प्रकाश निसटतो.

एवढं करूनही फायबर एखाद-दुसरा मायक्रॉन सरकलं तरी नुकसान होतं. म्हणून प्रकाश चालू ठेवून, पलीकडे किती पोचतो ते पाहत यंत्र फायबर हलवतं आणि जागा सापडली की चिकटवतं. या कामाला वेळ लागतो आणि पैसाही. त्यामुळे आता काही चिपमध्ये फायबर बसण्यापुरत्या खाचा आधीच कोरलेल्या असतात.