पाचशेत एक

पाळीच्या चौथ्या दिवशी संबंध आला तर दिवस जातात का? हा प्रश्न डॉक्टरांना दबक्या आवाजात विचारला जातो आणि उत्तर बहुतेक एका शब्दाचं असतं: सहसा नाही. या ‘सहसा’मागे एक आकडा आहे, आणि तो आकडा दिसतो तितका साधा नाही.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात ॲलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी मूल हवं असलेल्या २२१ बायकांचा अभ्यास केला. या बायका रोज सकाळची लघवी साठवायच्या आणि संबंध आला त्या दिवशी तशी नोंद करायच्या. लघवीतल्या संप्रेरकांवरून बीजांड कोणत्या दिवशी सुटलं ते संशोधकांनी ठरवलं. १९९५ मध्ये निष्कर्ष छापून आला. गर्भ राहू शकतो असे दिवस महिन्यात फक्त सहा: बीजांड सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. पाच दिवस आधी शक्यता साधारण १० टक्के, बीजांड सुटण्याच्या दिवशी ३३ टक्के. दुसऱ्या दिवशी खेळ आटोपलेला.

मग हे सहा दिवस पाळीच्या कितव्या दिवशी सुरू होतात? २००० साली याच गटाने त्याचं उत्तर दिलं. चौथ्या दिवसापर्यंत सुमारे २ टक्के बायका या सहा दिवसांत शिरलेल्या असतात. सातव्या दिवसापर्यंत १७ टक्के.

आता सरळ गुणाकार करू. शंभरातल्या दोघी त्या सहा दिवसांत, आणि त्या दिवसांच्या सुरुवातीला शक्यता दहात एक. म्हणजे चौथ्या दिवशी, एका संबंधातून, ढोबळमानाने पाचशेत एक. ‘सहसा नाही’ हे बरोबरच. पाचशेत एक म्हणजे काय, काहीच नाही, असं म्हणून कुणीही कूस बदलून झोपेल.

पण देशाच्या हिशेबात तोच आकडा बघा. भारतात १५ ते ४९ वयाच्या बायका पस्तीस कोटींच्या घरात आहेत. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, गर्भाशय काढलेल्या, पाळी गेलेल्या अशा वजा केल्या आणि उरलेल्यांना महिन्याच्या दिवसांनी भागलं, तर आजचा दिवस हा एक कोटीच्या आसपास बायकांचा चौथा दिवस आहे. समजा, त्यांतल्या शंभरात एकीचाच आज कोणतंही साधन न वापरता संबंध आला. झाल्या एक लाख. त्याला पाचशेने भागा: दोनशे. रोज दोनशे, वर्षाला त्र्याहत्तर हजार. आणि या त्र्याहत्तर हजारांतली प्रत्येक जण म्हणणार, ‘अहो, पण पाळी चालू होती!’ तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. नवरा तर नाहीच.

दुसरा गुणाकार एकाच जोडप्याचा आहे. दर महिन्याला फक्त चौथा दिवस, बाकी महिनाभर कडकडीत संयम, असं दहा वर्षं चाललं असं धरू. एकशे वीस वेळा पाचशेत एकचा धोका पत्करला, तर निदान एकदा दिवस जाण्याची शक्यता २१ टक्के होते. एका रात्रीपुरता पाचशेत एक असलेला धोका दहा वर्षांत पाचात एकवर येतो.

तिसरा हिशेब मात्र खरा मासलेवाईक आहे. त्या पाचशेत एकच्या मागे जी ‘सरासरी बाई’ उभी आहे, ती कुठेच राहत नाही. जिची पाळी दर एकवीस दिवसांनी येते तिचं बीजांड आठव्या दिवसाच्या आसपास सुटतं. तिचे सहा दिवस तिसऱ्या दिवशीच सुरू झालेले असतात, रक्तस्राव अजून पुरता थांबलेलाही नसतो. चौथा दिवस म्हणजे तिच्यासाठी बीजांड सुटण्याच्या चार दिवस आधीचा; विल्कॉक्सच्या आकड्यांत त्या दिवसाची शक्यता १६ टक्के आहे. शेजारच्या घरात बत्तीस दिवसांनी पाळी येणारी बाई असेल, तर चौथ्या दिवशी तिची शक्यता जवळजवळ शून्य. दोघींना डॉक्टर एकच शब्द सांगतात.

‘पाळीच्या रक्ताबरोबर सगळं वाहून जातं’ अशी एक ठाम समजूत आहे. वाहून जातही असतं, बरंचसं. पण सुरुवातीलाच आकडा इतका प्रचंड असतो की बरंचसं जाऊनही भागतं. एका वेळी वीस कोटींच्या आसपास शुक्राणू बाहेर पडणं ही सामान्य गोष्ट आहे. एकेकाची लांबी मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याइतकी. त्यांतले बीजवाहिनीत बीजांडाच्या जवळपास पोचतात ते काही शे. म्हणजे दहा लाखांत एक. २०११ च्या जनगणनेतला अख्खा महाराष्ट्र, सव्वा अकरा कोटी माणसं, पंढरपूरला निघाला आणि पोचले ते दोन एसट्या भरतील एवढेच, असा हा प्रकार. आणि दोनशे पोचले काय, वीस पोचले काय, शेवटी लागतो एकच.

शिवाय काही शुक्राणू मिनिटांतच गर्भाशयाच्या मुखाशी पोचतात, तिथल्या स्रावात शिरतात आणि घड्यांमध्ये दबा धरून बसतात. सगळी मेख त्या स्रावातच आहे. एरवी तो घट्ट असतो, त्यात शुक्राणू काही तासांत मरतात. बीजांड पिकू लागलं की इस्ट्रोजेन वाढतं आणि तोच स्राव अंड्याच्या पांढऱ्यासारखा पातळ, तार सुटणारा होतो. मग शुक्राणू पाच दिवस तग धरतात. लवकर बीजांड सुटणाऱ्या बाईच्या शरीरात हा बदल पाळी चालू असतानाच सुरू झालेला असतो, आणि रक्तामुळे तो दिसून मात्र येत नाही. बीजांडाला स्वतःला असे लाड परवडत नाहीत. त्याचं आयुष्य बारा ते चोवीस तासांचं. जन्माच्या वेळी मुलीकडे दहा ते वीस लाख बीजांडं असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि आयुष्यभरात प्रत्यक्ष सुटतात चारशे-पाचशे. पुरुषाच्या वीस कोटींसमोर महिन्याला एक.

हे सहा दिवस शोधायला माणसाला फार वेळ लागला. मनुस्मृतीत ऋतुकाळ सोळा रात्रींचा सांगितला आहे, पाळीपासून मोजायचा, पहिल्या चार रात्री निषिद्ध. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपी डॉक्टरांना वाटे की जनावरांच्या माजासारखीच बाईची पाळी, तेव्हा गर्भ राहतो तो पाळीच्या आगेमागे. म्हणून ते खुशाल सांगत, महिन्याचा मधला काळ सुरक्षित! किती घरांत त्या सल्ल्याने पाळणे हलले असतील कोण जाणे. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हाही कोडं सुटलेलं नव्हतं. ते सोडवलं जपानच्या क्युसाकु ओगिनो यांनी १९२४ मध्ये, आणि ऑस्ट्रियाच्या हेरमान क्नाउस यांनी १९२८ मध्ये स्वतंत्रपणे. ओगिनोंची किल्ली अशी: झालेल्या पाळीपासून पुढे मोजू नका, येणाऱ्या पाळीपासून मागे मोजा. बीजांड पुढच्या पाळीच्या बारा ते सोळा दिवस आधी सुटतं. अडचण एवढीच की पुढची पाळी कधी येणार हे ती आल्यावर कळतं.

डिसेंबर १९३५ मध्ये संततिनियमनाच्या अमेरिकी पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. संततिनियमनाच्या साधनांना गांधीजींचा कडक विरोध. पण ठरावीक दिवस टाळण्याच्या पद्धतीत थोडा तरी संयम आहे, म्हणून तिच्याबद्दल ते जरा नरमले. स्वतंत्र भारताच्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर याच मताच्या. मग जागतिक आरोग्य संघटनेतर्फे डॉ. अब्राहम स्टोन आले आणि १९५२ च्या सुमारास दिल्लीची लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातलं रामनगरम इथे या पद्धतीचे प्रयोग सुरू झाले. (हे रामनगरम म्हणजे पुढे ‘शोले’चं चित्रीकरण झालं ते.) बायकांना मण्यांच्या माळा दिल्या. हिरवा मणी सुरक्षित, लाल मणी धोक्याचा, रोज एक मणी सरकवायचा. दिल्लीच्या कागदावर योजना देखणीच असणार. पण रात्री दिवा नसलेल्या घरात हिरवा कुठला नि लाल कुठला? माळ गळ्यात घालून फिरावं तर घरभर जाहिरात. आणि काहींनी तर मणी सरकवला की काम झालं असंच धरलं, ताईत बांधावा तसं. हे सांगताना लोक आजही त्या बायकांना हसतात. मला तो दोष त्यांचा वाटत नाही. माळेतले मणी ठरलेले आणि बाईचा महिना दर वेळी वेगळा, हे माळ ओवणाऱ्याने बघायला हवं होतं.

तो महिना किती वेगळा असतो, हे २०१९ मध्ये स्पष्ट झालं. एका मोबाइल ॲपवर नोंदलेली १,२४,६४८ बायकांची ६,१२,६१३ पाळीचक्रं संशोधकांनी तपासली. पाठ्यपुस्तकातलं अठ्ठावीस दिवसांचं चक्र भरलं फक्त १३ टक्के. सरासरी २९.३ दिवस. आणि बीजांड सुटण्यापूर्वीचा टप्पा दहा दिवसांपासून तीस दिवसांपर्यंत कितीही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तारखेला पेनाने बारीक टिंब करून ठेवणाऱ्या बाईला हे सहा लाख चक्रांशिवायच ठाऊक असतं. या महिन्यात टिंब सव्वीसला, गेल्या महिन्यात एकोणतीसला, आणि मुलीच्या लग्नाच्या धावपळीत तर थेट चाळिसाव्या दिवशी. तेही टिंब पाळीचंच असेल तर. अधेमधे होणारं किंचित रक्त पाळी म्हणून मोजलं तर ‘दुसरा दिवस’ प्रत्यक्षात महिन्याच्या मधोमध पडलेला असू शकतो.

विल्कॉक्सच्या २००० सालच्या निबंधात आणखी एक आकडा आहे, आणि चौथ्या दिवसाच्या आकड्यापेक्षा मला तो जास्त चक्रावून टाकतो. पाचव्या आठवड्यातही पाळी न आलेल्या बायकांपैकी ४ ते ६ टक्के बायका तेव्हा त्या सहा दिवसांत असू शकतात. तारीख उलटली म्हणून तिने औषधाच्या दुकानातून पट्टी आणलेली असते, पट्टीवर एकच रेघ उमटलेली असते, आणि ‘चला, सुटलो’ म्हणून दोघं निर्धास्त झालेली असतात. पाळी लांबली ती दिवस गेले म्हणून नाही, बीजांडच अजून सुटायचं होतं म्हणून. अशा वेळी ती एक रेघ फक्त मागच्या दिवसांचा हिशेब देते. काळजी त्या रात्रीपासूनच घ्यायला हवी, आणि पाळी आली नाहीच तर आठवड्याने दुसरी पट्टी आणायला हवी.